केशरचे तीन दिवस

पर्युषणाचा पाचवा दिवस. संध्याकाळचे प्रतिक्रमण आटोपून दादीजी स्थानकातून घरी परतल्या तेव्हा दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत केशर तिरकी तरंगताना त्यांना दिसली. डोके खाली, दुहेरी शेपूट वर आणि पोट एका अंगाने असे फुगलेले, की जणू कोणी आतून लिंबू ठेवले असावे. पाण्याच्या तळाशी जाण्यासाठी ती कल्ले आणि पर जोरात हलवी, वीतभर खाली जाई आणि दमली की बुचासारखी पुन्हा वर येई. बिबवेवाडीच्या त्या सदनिकेत पुढच्या क्षणी चौघेजण टाकीभोवती जमले. नऊ वर्षांच्या नातवाने जे विचारले ते सर्वांच्याच मनात होते.

"दादीजी, ही पण काळ्यासारखी मरणार का हो?"

काळ्या हा मोठ्या डोळ्यांचा काळा गोल्डफिश. तो आदल्या वर्षी गेला होता, आणि तो कसा गेला हे घरातील कोणीही विसरले नव्हते. त्याचेही पोट असेच फुगले होते. मासा सुस्त दिसतो म्हणजे अशक्त झाला असणार, या समजुतीने त्याला नेहमीपेक्षा दोन चिमट्या दाणे जास्त घालण्यात आले. कोणी सांगितले म्हणून निळे औषध आणून टाकीत ओतले; पाणी शाईसारखे झाले आणि मासा दिसेनासा झाला. शेवटी दादीजींनी टाकीतील सगळे पाणी काढून तेथे उकळून गार केलेले पाणी भरले. या घरात चातुर्मासात सर्वजण तेच पाणी पितात. त्याहून शुद्ध ते काय असणार? पण पाणी उकळले की त्यात विरघळलेली हवा निघून जाते, आणि मासा त्याच हवेवर जगतो. वीज गेल्यामुळे हवेचा पंपही त्या रात्री बंद होता. सकाळी काळ्या तळाशी पडलेला होता आणि त्याच्या अंगावरील खवले सीताफळाच्या पाठीसारखे उभे राहिले होते. दुपारी त्याला गॅलरीतील मोगऱ्याच्या कुंडीत पुरले. प्रत्येक उपाय मायेपोटी केला होता, आणि त्यातील एकही रोग ओळखून केलेला नव्हता.

या वेळी दादाजींनी कोणालाही टाकीला हात लावू दिला नाही. मार्केट यार्डाच्या भुसार विभागात चाळीस वर्षे कडधान्याची आडत केलेल्या या गृहस्थाने रोजमेळ जुळत नसेल तेव्हा जे करायचे तेच केले. औषध कोणते, हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळे बोलावून विचारले, "आज तिला खायला कोणी, केव्हा आणि किती घातलं?"

उत्तरे ऐकून घर स्तब्ध झाले. पहाटेच्या सामायिकानंतर दादीजी एक चिमूट दाणे घालीत. शाळेला निघताना नातू एक चिमूट घाली. अकराच्या सुमारास सूनबाई, कारण तेव्हा केशर काचेशी येऊन तोंड उघडझाप करते. दुपारी घरकामाच्या बाई, कारण "बिचारी उपाशी दिसते". रात्री दुकानातून आलेला मुलगा, दिवसभरात तेवढाच त्याचा विरंगुळा. पाच माणसे, पाच चिमट्या, आणि प्रत्येकाची खात्री, की आपण घातले नाही तर मुका जीव उपाशी राहील. त्यातच पर्युषणाच्या पहिल्या दिवशी दादीजींनी सर्वांना बजावले होते, की या आठ दिवसांत दारचे कुत्रे, गॅलरीतले कबुतर, टाकीतली मासोळी यांपैकी कोणीही भुकेले राहता कामा नये. त्यामुळे चिमट्याही मोठ्या झाल्या होत्या.

गोल्डफिशला जठरच नसते, ही गोष्ट पाळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. गिळलेले अन्न थेट आतड्यात उतरते; साठवून ठेवण्याची सोय नाही, त्यामुळे पोट भरल्याची जाणीवही आपल्यासारखी नाही. निसर्गात हा प्राणी दिवसभर शेवाळ, वनस्पती आणि बारीकसारीक काही टिपत फिरतो, म्हणून समोर काहीही पडले की तोंड उघडतो. ते तोंड उघडणे भुकेचेच असते असे नाही. शिवाय केशरसारखे गोल पोटाचे, दुहेरी शेपटीचे प्रकार हे माणसाने घडवलेले आहेत. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी साध्या कार्प माशांतून रंगीत मासे निवडून त्यांची पैदास सुरू झाली, आणि पुढे शोभेसाठी अंग आखूड, पोट गोल असे करत करत हे रूप आले. रोहू-कटल्याच्या कुळातील हा लांबट मासा लाडवासारखा गोल झाला; आतील आतडे आणि तरंगण्यासाठी असलेली हवेची पिशवी मात्र त्याच अपुऱ्या जागेत दाटीवाटीने बसली. कोरडे दाणे आत जाऊन फुगले, की ते या पिशवीवर दाबतात आणि मासा तिरका होतो. पाण्यावर तरंगणारे दाणे खाताना तो हवाही गिळतो, त्याची आणखी भर.

दादाजींनी विजेरी घेतली आणि टाकीत बाजूने न पाहता वरून पाहिले. धान्याचे पोते ते कधी बाहेरून पारखीत नसत, तसेच हे. वरून पाहिल्यावर खवले अंगासरशी चापून बसलेले दिसले. डोळे बाहेर आलेले नव्हते, रंग उतरलेला नव्हता. विजेरी हलताच केशर तिच्यामागे वळली. काळ्याचे खवले उभे राहिले होते. तो जलोदर होता. गोड्या पाण्यातील माशाच्या अंगात पाणी सतत बाहेरून झिरपत असते आणि मूत्रपिंडे ते सतत बाहेर टाकीत असतात. मूत्रपिंडे थकली, मग ती घाण पाण्यामुळे असोत, संसर्गामुळे असोत की म्हातारपणामुळे, की पाणी आतच साठते, अंग सुजते आणि खवले उभे राहतात. त्या अवस्थेतील मासा घरगुती उपायांनी क्वचितच वाचतो, हे स्पष्ट सांगितलेले बरे. केशरची अवस्था तिथवर गेली नव्हती.

पुण्यात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत. माशावर उपचार करणारा डॉक्टर शोधू गेल्यास मात्र दमछाक होते. आपल्या राज्यात मत्स्यविद्येचे शिक्षण मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत मिळते, ती १९६१ सालची. रत्नागिरीलाही मत्स्य महाविद्यालय आहे. पण तेथील विद्या मुख्यतः मत्स्यशेतीच्या तलावांसाठी. घरातील एका मासोळीसाठी रात्री नऊ वाजता कोणाला विचारायचे? पांजरपोळातील गुरांवर उपचार करणारे एक पशुवैद्य दादाजींच्या परिचयाचे होते. त्यांनी फोनवर सर्व ऐकून घेतले आणि सांगितले, "शेठजी, घाईने अँटिबायोटिक टाकू नका. तीन दिवस अन्न पूर्ण बंद. पाणी स्वच्छ ठेवा. मॅग्नेशियम सल्फेटच्या सौम्य पाण्यात ठेवा. चौथ्या दिवशी उकडून सोललेला वाटाणा द्या, बस."

फोन ठेवून दादाजींनी हे सांगितले, आणि दादीजी ताडकन म्हणाल्या, "तीन दिवस उपाशी? पर्युषणात? माझ्या घरात?"

त्यांचा आक्षेप भाबडा नव्हता. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार त्या रोज सायंकाळी प्रतिक्रमणात म्हणतात: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. आश्रित जीवाला बांधून ठेवणे हा पहिला, आणि त्याचे अन्नपाणी तोडणे हा पाचवा. मासोळी टाकीत ठेवून पहिला दोष रोजच लागतो आहे, हे त्यांनी टाकी घरात आली त्याच दिवशी सांगितले होते. नातवाच्या वाढदिवसाला कोणी आणून दिलेली भेट परत करणे जमले नाही, एवढेच. आता पाचवाही जाणूनबुजून करायचा? उद्यापासून त्या स्वतः तेला करणार होत्या. त्यामुळे नातवाला वाटले, की प्रश्न सुटला.

"दादीजी, मग केशरचाही तुमच्याबरोबर तेलाच!"

"नाही रे," त्या म्हणाल्या. "माझा उपवास मी पच्चक्खाण घेऊन करते. तिनं घेतलंय का? तिला आपण उपाशी ठेवणार. दोन्ही एक कसं होईल?"

दादाजींनी वाद घातला नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, "हा लहान असताना त्याला जुलाब झाले की तू दूध बंद करायचीस."

"करायचे. पण तेव्हाही मन खायचंच."

मुलाने मधला मार्ग सुचवला. पाषाण तलावात किंवा कात्रजच्या तलावात सोडून द्यावी; अभयदानही घडेल आणि बंधही सुटेल. हा विचार आपल्या समाजात अनेकांना सुचतो आणि अनेकजण तो श्रद्धेने अमलातही आणतात, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. काचेत वाढलेली, डौलदार पण संथ शेपटीची नारंगी मासोळी तलावात सोडणे म्हणजे बगळ्याच्या चोचीत देणे होय. आजारी असेल तर तेवढाही वेळ लागत नाही. आणि जी जगतात ती प्रजा वाढवून तेथील मूळच्या माशांचे अन्न आणि अंडी खातात. टाकीतील शेवाळ खाण्यासाठी दुकानांतून विकला जाणारा सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो. तो तेथे आपल्या पायांनी चालत गेलेला नाही. एका जीवाला सोडवून शेकडो जीवांवर ओझे घालणे, याला अभयदान म्हणता येणार नाही. पशुपक्ष्यांची सुटका आणि टाकीतील माशांची सुटका या एका मापाने मोजण्याच्या गोष्टी नाहीत. हे त्या रात्री दादाजी इतक्या शब्दांत बोलले नाहीत. ते म्हणाले, "आणली आपण. आता ती आपल्या खात्यावर आहे."

दादीजींनी शेवटी होकार दिला, पण अट घातली. उपाशी ठेवायची असेल तर त्याची जबाबदारी एकाच माणसाची राहील, आणि ते माणूस त्या स्वतः. दुसऱ्या कोणीही टाकीजवळ दाण्यांचा डबा न्यायचा नाही. डबा त्यांनी आपल्या कपाटात कुलपात ठेवला.

सहाव्या दिवशी सकाळी पच्चक्खाण घेऊन त्या परतल्या तोपर्यंत दादाजींनी एक निळा प्लास्टिकचा टब धुऊन ठेवला होता, साबणाशिवाय. त्यात वीस लिटर पाणी, बादलीने मोजून. पुणे महानगरपालिकेचे नळाचे पाणी म्हणजे खडकवासल्याचे, शुद्धीकरण केंद्रात क्लोरिन मिसळून येणारे. माणसाला ते निर्धोक असते, माशाच्या कल्ल्यांना मात्र ते जाळते. त्यासाठी दुकानात जे औषध मिळते ते बहुधा सोडियम थायोसल्फेटच असते, म्हणजे फिल्मच्या काळात छायाचित्रकार फोटो धुताना वापरीत तो हायपो. त्याचे थेंब बाटलीवरील मापाने टाकले. पाणी टाकीइतकेच कोमट-गार आहे हे हाताने पाहून मग वीस लिटरला एक चहाचा चमचा मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून घातले. औषधांच्या दुकानात ते एप्सम मीठ या नावानेही मिळते. इंग्लंडमधील एप्सम गावच्या झऱ्यात सतराव्या शतकात हे कडू मीठ सापडले आणि माणसांच्या बद्धकोष्ठावर शेकडो वर्षे वापरले गेले. नावात मीठ असले तरी हे स्वयंपाकघरातील मीठ नव्हे. गल्लत करू नये. टबात हवेच्या पंपाची नळी सोडली, वर जाळी बांधली आणि केशरला जाळ्याने न पकडता पाण्यासकट वाटीत घेऊन अलगद सोडले.

इकडे मूळ टाकी रिकामी नव्हती. तिच्यात दोन लहान मासे होते. न खाल्लेले दाणे खड्यांत कुजून पाण्यात अमोनिया वाढलेला असणार, म्हणून सूनबाईंनी नळीने तळाचा गाळ ओढून एक तृतीयांश पाणी बदलले. फिल्टरचा स्पंज त्या नळाखाली धुवायला निघाल्या होत्या, तेव्हा नातवाने अडवले. शाळेत त्याला शिकवले होते, की अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात. "मम्मी, क्लोरिननं ते सगळे मरतील!" एवढ्या सूक्ष्म जीवांची चिंता या घराला नवीन नव्हती, पण तिचा असा उपयोगही असतो हे प्रथमच कळले. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळला गेला.

पहिल्या दिवशी काहीही झाले नाही. केशर पृष्ठभागावर तिरकी राहिली. टबाजवळून कोणीही गेले की ती तोंड उघडून वर येई, आणि दादीजी तोंड फिरवीत. स्वतःच्या उपवासापेक्षा हे पाहणे त्यांना जड गेले, असे त्यांनी नंतर सांगितले. संध्याकाळी त्यांनी जुन्या वहीत पेन्सिलीने नोंद केली: अन्न नाही, पाणी ठीक, तिरकी. दुसऱ्या दिवशी दुपारी टबात लांब, पांढुरका दोरा तरंगताना दिसला. घरात एखाद्याला ताप उतरावा तसा आनंद झाला. त्या दोऱ्याविषयी दुकानात मुलाला फोन गेला. गादीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला काय समजायचे ते समजले असेल. संध्याकाळी पाणी अर्धे बदलले आणि बदललेल्या पाण्यापुरतेच, म्हणजे अर्धा चमचा, औषध पुन्हा घातले.

तिसरा दिवस संवत्सरीचा. दुकान बंद, घरात चूल नाही, सर्वजण स्थानकात. मोठे प्रतिक्रमण संपवून रात्री परतल्यावर घरातील माणसांनी एकमेकांना वाकून मिच्छामि दुक्कडम् म्हटले. नातू टबाशी गेला, जाळीवर हात ठेवून तेच म्हणाला आणि झोपायला गेला. दादीजी आत गेल्या नाहीत. तीन दिवसांच्या निरंकाराने पाय कापत होते, तरी भिंतीला टेकून टबापाशी बसल्या. केशर आता मधल्या पाण्यात होती. पोट उतरलेले, पण एका बाजूला झुकण्याची सवय पूर्ण गेलेली नव्हती.

सकाळी पारणे. वाटाण्याचा प्रश्न त्या वेळी उभा राहिला. भाद्रपदात सासवडकडचा ताजा वाटाणा मार्केट यार्डात ढिगांनी येतो, पण आठ दिवस या घरात हिरवी भाजी आलेली नव्हती आणि संवत्सरीला कोणी बाजारात गेलेले नव्हते. दादाजींनी कपाटातून नमुन्याची पुडी काढली. दुकानातील सुका हिरवा वाटाणा, पंधरा-वीस दाणे. कुकरच्या भरपूर शिट्ट्या देऊन तो बोटाने दाबताच पिचेल इतका शिजवला, मीठ-मसाला काही नाही. साल काढली, डाळ वेगळी केली आणि एका वाटाण्याचा चौथा भाग नखाएवढ्या तुकड्यांत करून दादीजींनी तो पाण्यात सोडला. केशरने तुकडा तोंडात घेतला आणि थुंकला. पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला. तिसऱ्यांदा तो आत राहिला.

"आता तुम्ही घ्या," सूनबाई म्हणाल्या आणि मुगाच्या पाण्याची वाटी त्यांच्या हातात दिली.

आठवड्याने केशर टाकीत परतली. ती पूर्ण बरी झाली असे म्हणता येत नाही. पोट भरले की अजूनही तासभर डाव्या अंगावर झुकते, आणि पशुवैद्यांच्या मते अशा गोल माशांत ते आयुष्यभर राहू शकते. दाण्यांचा डबा कुलपातून बाहेर आला, पण त्याच्या झाकणाला दोऱ्याने वही बांधलेली असते. दिवसातून एकदा, डोळ्याएवढे दाणे, आधी वाटीत भिजवून. घालणाऱ्याने वेळ लिहून सही करायची. डब्यावरील बारीक अक्षरे भिंगाखाली वाचल्यावर दाण्यांत माशांची भुकटी असल्याचे दादाजींना समजले. दादीजींना हे सांगावे की नाही, यात त्यांचे दोन दिवस गेले. सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग त्यांनी मुलाला शेवाळाचे दाणे मिळतात का पाहायला सांगितले. ते मिळतात, जरा महाग पडतात.

अष्टमी-चतुर्दशीला केशरला काहीच मिळत नाही. दोन्ही दिवशी वहीच्या त्या ओळीत दादीजींच्या अक्षरात "दिले नाही" असे लिहिलेले असते, आणि खाली सही.